अठ्ठावन्न किलोंचा भाडेकरू

माझं लग्न कसं जमलं, ही गोष्ट मी चारचौघांत फार रंगवून सांगतो. मोटारसायकलच्या चेनीच्या एका क्लिपमुळे जमलं असं म्हटलं की ऐकणारे सरसावून बसतात. मग मी माझे नांदेडचे घरमालक, त्यांचं वेड, माझी फजिती, काळ्या नखांनी पोहे खाणारा नवरदेव अशी एकेकाची नक्कल करतो आणि मुलीचा होकार आला तिथं थांबतो. लोक हसतात, चहा येतो. त्यानंतर दोन दिवसांनी काय झालं ते मी चारचौघांत आजवर सांगितलेलं नाही. ते इथं सांगायचं आहे, तेव्हा चहाची आशा सोडून दिलेली बरी.

सात-आठ वर्षांपूर्वी मी नांदेडात एका खासगी कॉलेजात तासिकेवर फिजिक्स शिकवत होतो. मूळचा लातूरजवळच्या मुरुडचा, नांदेडात ना नातं ना गोतं. खोली शोधत तरोड्याच्या बाजूला एका रविवारी सकाळी एका फाटकातून आत शिरलो. अंगणात एक काळी, शंभर सीसीची जुनी मोटारसायकल. पुढचं चाक लाकडी खोबणीत अडकवून ती सरळ उभी केलेली. चालवणाऱ्याच्या जागेवर वाळूचं पोतं दोरीनं बांधलेलं, आणि मागच्या सीटवर एक साठीच्या बाई एका अंगाला बसून मांडीवरच्या ताटात मेथी निवडत होत्या. खाली पोत्यावर आडवा झालेला एक उंच, वाळका माणूस चेनीखाली स्टीलची पट्टी धरून बघत होता.

मी म्हटलं, "खोली बघायला आलो होतो."

"हालू नको," तो माणूस म्हणाला.

तो बाईंना म्हणाला होता. मला वाटलं मला. मी दहा मिनिटं फाटकाशी एका पायावर उभा राहिलो. शेवटी बाईंनाच दया आली. "तुला न्हाई म्हणले ते, लेकरा. ये आत."

माणूस उठला, चिंधीला हात पुसत मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "वजन किती तुझं?"

"अठ्ठावन्न असेल."

तो बाईंकडं वळला. "ऐकलीस का? अठ्ठावन्न. तुझ्याएवढाच भरतोय."

"मग घ्या की ठेवून," बाई म्हणाल्या. "मला पुढल्या आयतवारी उदगीरला लेकीकडं जायचंय. मी काय जलमभर तुमच्या गाडीवर बसून राहू?"

तर मला ती खोली गुणांवर, पगारावर किंवा ओळखीवर मिळालेली नाही, वजनावर मिळाली. हे घरमालक, म्हणजे सर, आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचं म्हणणं असं, की चेनीचा ताण रिकाम्या गाडीवर बघणं म्हणजे उपाशी माणसाच्या कमरेचं माप घेऊन विजार शिवणं. सवारी बसली की गाडी दबते, चाक मागं सरकतं आणि चेन ताणली जाते. म्हणून तिचा ढिलेपणा सवारी बसवूनच मोजायचा. वाळूचं पोतं म्हणजे ते स्वतः, भरून त्रेसष्ट किलो. मागं त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू. काकू गावाला गेल्या की मी. नांदेडात मी पहिल्या वर्षी काय केलं असं कुणी विचारलं, तर प्रामाणिक उत्तर हे, की रविवारी सकाळी मी एका उभ्या मोटारसायकलवर काकूंच्या जागी बसून पेपर वाचला.

माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मला ते फिजिक्स म्हणायचे. "काय फिजिक्स, उठलास का? चहा पिलास का?" कॉलेजात मी त्यांची नक्कल करायचो. ते कार्ब्युरेटर कसा लावायचे याची नक्कल तर माझी हातखंडा. गाडी चालू करून गरम होऊ द्यायची. मग सगळ्यांना गप्प करायचं. काकूंचा कुकर बंद, शेजाऱ्यांचा मिक्सर बंद, एकदा तर समोरच्या घरी सत्यनारायणाची आरती चालली होती, तिथं जाऊन "दोनच मिनिटं" म्हणून आले, आणि लोक थांबलेसुद्धा. मग डोळे मिटून, पेचकस हवेच्या स्क्रूवर ठेवून पाव-पाव फेरा फिरवत ऐकायचे. इंजिनाचा आवाज आधी घोगरा, मग फिरता फिरता एका जागी असा लागायचा की माझ्यासारख्या बहिऱ्यालाही कळावं. "हवा जास्ती झाली की गाडी भांडकुदळ होती," ते म्हणायचे, "आन पेट्रोल जास्ती झालं की आळशी. मदी एक जागा आसती. तिथं गाडी हाय का न्हाई तेबी कळत न्हाई."

मग प्लग काढून बघायचे. दुधाच्या चहासारखा रंग आला तर ठीक. काळा आला तर पेट्रोल जास्त, पांढरा आला तर हवा जास्त. माणसंही ते याच रंगांनी ओळखायचे. आमचे प्राचार्य पांढरा प्लग. मी काळा. "लई खातंय, कमी पळतंय," हे माझ्याबद्दल काकूंना सांगताना मी स्वतः ऐकलं आहे.

व्हरांड्याच्या भिंतीवर बुद्धमूर्तीच्या शेजारच्या खिळ्यांना झिजलेली स्प्रॉकेटं, म्हणजे चेनीच्या दातेरी चक्र्या, टांगलेली होती. प्रत्येकाला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी: कुठली गाडी, किती किलोमीटर, कुणाच्या दुर्लक्षानं मेलं. चेन ढिली ठेवून चालवली की या चक्रीचे दात एका अंगाला कलतात, लाटेसारखे दिसायला लागतात. सर ते बोटावर धरून दाखवायचे. "बघ. हा माणूस वाईट न्हवता. रोज एवढुसं दुर्लक्ष केलं, बस्."

रविवारी त्यांचे जुने विद्यार्थी यायचे. चाळिशी-पन्नाशीचे लोक, कुणी गॅरेजवाला, कुणी पाटबंधाऱ्यात, कुणी उमरीला शेती करणारा. आपापल्या गाड्या घेऊन यायचे आणि सरांच्या कानावर लावून घ्यायचे. सर बदल्यात काही घेत नसत. मात्र आलेल्याला परीक्षा द्यावी लागे. पाना कितीचा, मागच्या चाकाची खूण दोन्हीकडं सारखी आहे का, अशी. चुकलं की पन्नाशीचा माणूससुद्धा मान खाली घालायचा.

एकदा मी विचारलं होतं, इतकं कशाला मोजत बसता. सर देगलूरकडच्या एका खेड्यातले. म्हणाले, "माझ्या बापाच्या हाताला गावात काम होतं, फिजिक्स, किंमत न्हवती. माझ्या हाताला किंमत आली ती मोजून केलं म्हणून. गावातला पाटील मोटर दुरुस्तीला मला आयटीआयमदी हुडकत आला होता. बाप तवा जित्ता होता." एवढं बोलून त्यांनी मला पट्टी पुसायला दिली. त्यांच्या हातांबद्दल ते एवढंच बोलले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की त्या माणसाकडं ठेवा म्हणावा तर तेवढाच आहे.

आता क्लिपचं सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चेनीची दोन टोकं जिथं जोडतात तिथं लॉक असतं आणि त्या लॉकवर नखाएवढी एक क्लिप. तिचं एक तोंड बंद, दुसरं टोक माशाच्या शेपटीसारखं उघडं. बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते तिकडं ठेवायचं. उलटं ठेवलं तर उघडी शेपटी कुठंतरी घासते, आणि क्लिप निघून जाते. सर शिकवायचे, "बंद तोंड चालीकडं." आणि लगेच विचारायचे, "कुणाच्या चालीकडं? गाडीच्या का चेनीच्या?" कारण चेन वरच्या बाजूला पुढं धावते, आणि खालच्या बाजूला मागं येते. हे सगळं त्यांनी माझ्यासमोर निदान पाच वेळा सांगितलं असेल. पाचही वेळा मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात नक्कल करता यावी म्हणून त्यांच्या भुवयांकडं बघत होतो.

लातूरला मुलगी बघायचं ठरलं. गुरुवार, सुट्टीचा दिवस, सकाळी अकरा. आई-वडील मुरुडहून येणार, मी नांदेडहून. बसनं जायला काहीच हरकत नव्हती. पण मुलीच्या दारात मोटारसायकलवरून उतरावं, हेल्मेट काढावं, केसांतून हात फिरवावा, असं चित्र मी मनात काढून ठेवलं होतं. त्या वेळी माझ्या डोक्यावर फिरवण्याइतके केस होते. माझ्याकडंही एक जुनी मोटारसायकल होती; ती चकाचक हवी म्हणून आदल्या संध्याकाळी चेन काढून, हरभरे भिजत घालावेत तशी रॉकेलात भिजत घातली. सर बघत होते. म्हणाले, "क्लिप लावताना खाली कपडा आंथर. आन अंगठ्याखाली दाबून धर, न्हाईतर उडंल."

"एवढं काय सर त्यात," मी म्हटलं.

पहाटे उजाडता उजाडता चेन चढवली, पक्कड लावली, आणि क्लिप उडाली. टण्ण करून फरशीवर वाजली आणि नालीत गेली. नालीत हात घातला; काय काय हाताला लागलं ते सांगत नाही, पण क्लिप लागली नाही. दुकानं उघडायला चार तास होते. सर फिरायला गेले होते, साडेसहापर्यंत येणार. काकू आत चुलीशी.

आणि समोर सरांची गाडी उभी होती. त्याच मापाची चेन.

सरांकडं मागितली असती तर त्यांनी दिली असती का? दिली असती. पण आधी कपडा का अंथरला नाही यावर अर्धा तास घेतला असता, आणि रविवारी सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांसमोर माझी चिठ्ठी बांधून मला खिळ्याला टांगलं असतं. मला ते नको होतं. बाकी कारण काही नाही. सर गाडी फक्त रविवारी काढतात, मी संध्याकाळपर्यंत परत, कुणाला पत्ता लागतो? त्यांच्या गाडीच्या चेनीला वरून पत्रा होता, काकूंचा पदर अडकू नये म्हणून. खालची बाजू त्यांनी मुद्दाम उघडी ठेवलेली, "झाकलेली चेन कुणी बघत न्हाई" म्हणून. मी खालून क्लिप काढली, लॉक दोऱ्यानं बांधून ठेवलं, क्लिप माझ्या गाडीला वरच्या बाजूनं लावली, बंद तोंड पुढं. बरोबर बसली. लातूरपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली.

पुढचं तुम्ही माझ्याकडून हॉटेलात ऐकलेलं असेल. हात धुऊनही नखं काळी, पोह्यांच्या ताटलीत बोटं लपवावी कशी हे कळेना, मुलीनं विचारलं, "तुम्ही कॉलेजात शिकवता ना?" आणि मी म्हटलं, "हो, पण गाडीचं सगळं मी घरीच करतो." ती हसली. नंतर तिनं मला सांगितलं, की गाडी स्वतः दुरुस्त करणारा माणूस भरवशाचा असतो असं तिला वाटलं. त्यावर होकार आला.

शुक्रवारी सकाळी सर फिरायला गेल्यावर मी क्लिप परत बसवली. लातुरातून माझ्यासाठी नवी आणली होती, सरांची सरांना. उताणा पडून, खालच्या बाजूला. बंद तोंड चालीकडं, हे मला पाठ होतं. गाडीचं तोंड फाटकाकडं होतं. मी क्लिपचं तोंड फाटकाकडं केलं. फिजिक्सचा मास्तर मी, वर्तुळाकार गतीवर चाळीस मिनिटं न थांबता बोलणारा. वर पुढं जाणारी चेन खालून मागं येते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. फाटक वाजलं, मी हडबडून उठलो. क्लिप खाचेत पुरती बसली का हेही बघितलं नाही.

"काय करून राहिलास, फिजिक्स?" सर म्हणाले.

"गाडी पुसून राहिलो, सर. तुमची. धूळ होती."

सर म्हणाले, "गुणाचं हायस." आणि आत जाऊन काकूंना ओरडून सांगितलं, "त्याला चहा दे गं, साखर जास्ती घाल."

तो चहा मी पिऊन टाकला.

शनिवारी उमरीहून निरोप आला. काकूंच्या भावाच्या नातवाचं बारसं अचानक ठरलं होतं. सरांनी गाडी काढली. हवा बघितली, चेन बोटानं दाबून बघितली. लॉक ते रविवारी बघायचे; मधल्या वारी बघायची गरज नव्हती, कारण त्यांच्या गाडीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे. काकू माझ्या खोलीच्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "भाकरी झाकून ठेवल्यात, खाऊन घे." मी पुस्तकात तोंड घालून हो म्हटलं. माझ्या मनाला काही शंका चाटूनही गेली नाही, हे मी लिहितो आहे ते स्वतःच्या बचावासाठी नाही. शंका आली असती तर मी निदान वाईट माणूस ठरलो असतो. मी नुसताच निष्काळजी होतो.

मुदखेडच्या पुढं चेन सुटून पडली आणि मागच्या चाकात अडकली. गाडी आडवी झाली. सरांचे गुडघे फुटले. काकूंचा उजवा हात मनगटात मोडला.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा काकू पलंगावर डोळे मिटून होत्या आणि सर बाकावर बसले होते. त्यांच्या मांडीवर चेन होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दवाखान्यात माणसं नारळपाणी घेऊन बसतात. हा माणूस चेन घेऊन बसला होता.

"क्लिप न्हाई," ते म्हणाले. "मी रस्त्यावर हुडकली. लॉक घावलं, क्लिप न्हाई. सुलटी क्लिप जात नसती, फिजिक्स. उलटी बसली आसंल तरच जाती. मागल्या आयतवारी मीच बसवली होती."

मी म्हटलं, "सर, ती माझी चूक..."

"तू गप," सर म्हणाले. "तू काय करणार? तू तर ती पुसून दिली होतीस."

मी गप बसलो. त्यांनीच सांगितलं होतं ना गप म्हणून. इतका आज्ञाधारक मी आयुष्यात दुसऱ्यांदा कधी झालो नाही.

त्यानंतरच्या रविवारी जुने विद्यार्थी आले. सर फाटकाशीच उभे होते. गॅरेजवाल्यानं गाडी आत घ्यायला हँडल वळवलं, तर सरांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "न्हाई रे. आता दुसरीकडं दाखव. माझ्या हाताचा भरोसा न्हाई ऱ्हायला."

"सर, नुसती क्लिप हाय ती. कुणाकडूनबी होतंय."

"कुणाकडूनबी होतंय," सर म्हणाले. "माझ्याकडून व्हायला नको होतं. पस्तीस वर्षं पोरांना मी काय शिकवलं मग?"

त्या पन्नाशीच्या गॅरेजवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खोलीच्या दारात उभा होतो. चार पावलांचं अंतर होतं. बोलायचं वाक्य तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं. तेवढ्यात तो मला म्हणाला, "फिजिक्स सर, तुम्हीच सांगा आमच्या सरांना." मी म्हटलं, "सर, होतं असं कधी कधी." या वाक्याला कर्ताच नाही. मी नंतर पुष्कळ विचार केला आहे, मराठीत अशी वाक्यं किती सोयीची आहेत याचा.

गाडी कापडाखाली गेली. ते तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण सर गॅसचं बटण बंद करून काकूंना आवाज द्यायला लागले, "बघ गं, बंद हाय का." काकू गळ्यात हात बांधून उठून जायच्या, बघायच्या, "हाय" म्हणायच्या. कुलूप लावून झालं की मला ओढून बघायला सांगायचे. एकदा पेन्शनच्या कागदावर सही करायची होती, तर सही करून कागद माझ्यापुढं धरला. "बराबर हाय का? जागेवर हाय का?" ज्या माणसानं पाटलाला दारात आणलं, तो स्वतःची सही मला तपासायला देत होता. मी सांगितलं, बरोबर आहे. अक्षर थोडं थरथरलं होतं, ते मी सांगितलं नाही. म्हणजे तिथंही लपवलंच.

दोन महिन्यांनी मला लातूरला नोकरी लागली. निघायच्या दिवशी सरांनी त्यांची पान्यांची पेटी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर आणून ठेवली. मी नको नको म्हणालो. "घे," ते म्हणाले. "तू बघून बघून शिकलास. कुणीतरी वापरावं." काकूंचा हात तेव्हा अजून पट्ट्यात होता. मी पेटी घेतली. घरी नेऊन माळ्यावर टाकली, आणि लग्नाची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

बायकोला मी शेवट सांगितला तो गेल्या वर्षी. तिनं ती गोष्ट माझ्या तोंडून पंचवीस वेळा तरी ऐकली असेल, प्रत्येक वेळी हसलीही असेल. आम्ही आता स्कूटर घेतली आहे, तिला ना चेन ना कार्ब्युरेटर. तिच्या दुरुस्तीला लॅपटॉप लावतात. शोरूममध्ये बसलो असताना बायको सहज म्हणाली, "तुमचे सर इथं असते तर काय म्हणाले असते याला?" मला काय झालं कुणास ठाऊक, सगळं सांगून टाकलं. मी वाट बघत होतो, की ती म्हणेल, जाऊ द्या, जुनी गोष्ट. तिनं हातातलं माहितीपत्रक मिटून ठेवलं. मग म्हणाली, "आणि तुम्ही इतकी वर्षं हे हसून सांगत होता. मी तुम्हाला भरवशाचा माणूस समजून हो म्हटलं होतं." घरी आल्यावर तिनं माळ्यावरची पेटी स्वतः खाली काढली. "रविवारी नांदेडला जाऊन या."

मी गेलो. सर व्हरांड्यात बसले होते. केस सगळे गेलेले, बाकी तेवढेच वाळके. भिंतीवर खिळे होते, स्प्रॉकेटं नव्हती. "फिजिक्स आला," त्यांनी आत हाक दिली. "लई सुटलाय. आता गाडी दबंल."

मी बसायच्या आधीच बोललो. बसलो असतो तर राहून गेलं असतं. गुरुवार, नाली, दोरा, लातूर, शुक्रवारी सकाळ, खालची बाजू, फाटकाकडं केलेलं तोंड. एकही विनोद केला नाही. काकू आतून येऊन दाराशी उभ्या राहिल्या होत्या.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हसले. "लातूरहून एवढ्यासाठी आलास?"

"सर, खरं सांगतोय."

"तू मनानं चांगला हायस, फिजिक्स. पर म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून आसं अंगावर घेऊ नये." ते काकूंकडं वळले. "बघितलीस का? पोटच्या पोरानं केलं नसतं."

"सर, मी पुसत नव्हतो त्या दिवशी. मी क्लिप लावत होतो."

"बरं, धर की लावलीस," सर म्हणाले. आवाज शिकवतानाचा झाला होता. "धर की उलटी लावलीस. शनवारी गाडी कुणी काढली? मी. काढायच्या आधी लॉक बघायचं, हे कोण शिकवायचं? मी. बघितलं का? न्हाई. मग चूक कुणाची?"

आलेल्याची परीक्षा घ्यायची त्यांची जुनी पद्धत. मी मान खाली घातली. सर मात्र फार खुशीत होते. पेटी त्यांनी परत घेतली नाही. जेवूनच जा म्हणाले, शेजाऱ्याला बोलावून मी कोण आहे ते सांगितलं, आपल्यासाठी कसं कुणी लातूरहून खोटं बोलायला येतं हे सांगितलं. शेजाऱ्यानं माझ्याकडं आदरानं बघितलं. भरल्या वांग्यांची भाजी मी खाऊन टाकली.

निघालो तेव्हा काकू फाटकापर्यंत आल्या.

"खरं बोललास ना?"

"हाव, काकू."

"मला कळलंच. थाप मारताना तू हसवतोस." मला वाटलं, आता मला चार शब्द सुनावतील. सुनवावेत असं फार वाटत होतं. "आता परत सांगू नको त्यांना," त्या म्हणाल्या. "आज लई दिसांनी पोटभर जेवले. त्यांना वाटायलंय, कुणीतरी आपल्यासाठी खोटं बोललं. तेवढं ऱ्हाऊ दे. आन तुझं त्यांना पटलं, तर एवढी वर्षं उगीच गेली हेबी पटंल. ते सोसायचं न्हाई त्यांना."

"आणि तुम्हाला, काकू?"

"मला काय," त्या म्हणाल्या. "नीट जा. हळू चालव."

मी बाहेर आलो. त्यांनी फाटक ओढलं आणि डाव्या हातानं कडी लावायला लागल्या. ती जड होती, दोनदा निसटली. उजवा हात पुढं आला, पण मनगटात वळेना. तसाच थोडा वेळ कडीवर टेकून राहिला. मी पुढं होऊन कडी लावू लागलो, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, मला सवय हाय."